पुढे अशील, मागे वकील

देवकरकाकांच्या हातात कुठलाही कागद आला की ते तो आधी उलटा करून बघत. पुढची बाजू नंतर. विजेचं बिल असो, नातीच्या शाळेचं पत्र असो की टेकअवेवाल्याचं मेनूकार्ड, आधी पाठ. "पोट सगळेच वाचतात गं," ते म्हणायचे, "वकील पाठ वाचतो. दस्ताच्या पाठीवर शिक्के असतात, तिथं खरी गोष्ट असते." एकदा मी त्यांना लॅपटॉपवर एक पत्र दाखवलं, तर चष्मा वर करून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "याच्या मागं काय आहे?" मागे माझी चहाची कपबशी होती. मी हसले, तेही हसले, पण पीडीएफला पाठ नसते ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नव्हती.

कराडच्या कोर्टात त्यांनी अडतीस वर्षं वकिली केली होती. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून मुलीने, रूपालीने, त्यांना सहा महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्सला बोलावून घेतलं. ते फेब्रुवारीत आले आणि मार्चमध्ये जग बंद झालं. रूपालीच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मी मृणाल, मूळची नाशिकची. आयटी शिकायला म्हणून इथे आले, त्यात जीव रमेना म्हणून सोडून नर्सिंगला गेले, आणि खर्चासाठी एका वृद्धाश्रमात शिफ्ट करत होते. रूपाली माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. घरमालकीण कमी आणि मैत्रीण जास्त. तिचा नवरा खाणीच्या कामावर दोन-दोन आठवडे बाहेर असायचा. म्हणजे घरात आम्ही तिघं मोठी माणसं आणि एक सात वर्षांची नात, जी आजोबांच्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची.

मे महिन्यात काकांनी गॅरेजमध्ये चेंबर थाटलं. गाडी बाहेर काढायची, शटर अर्धं वर करायचं, इस्त्रीचं टेबल उघडून त्यावर चादर घालायची आणि दोन कॅम्पिंगच्या खुर्च्या मांडायच्या. काका बॅगेतून काळा कोट काढून घालत. खाली ट्रॅक पँट असे, मास्क हनुवटीवर असे, पण कोट असे. आमच्या मराठी मंडळात बातमी पसरायला किती वेळ लागतो? आठवड्याभरात लोक यायला लागले. कुणाचं घरमालकाशी भांडण, कुणाला आजारी आईसाठी देशाबाहेर जायची परवानगी हवी होती, कुणाचा भावाशी नाशिकच्या प्लॉटवरून वाद. काका फी घेत नसत. कुणी शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या तर तेवढ्या घेत, कारण त्यांना त्या इथे कशा मिळतात याचं फार कौतुक होतं.

लोकांची कामंही झाली, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आमच्या रस्त्यावरच्या संदीपच्या भाड्याच्या घरातला एसी चार महिने बंद होता आणि एजंट दाद देत नव्हता. काकांनी अडीच पानी नोटीस लिहून दिली. तिच्यात "माझे अशील हे शांतताप्रिय व कायद्याचा आदर करणारे गृहस्थ असून" इथपासून सुरुवात होती, इंग्रजीत, आणि शेवटी सर्व परिणामांची व खर्चाची जबाबदारी एजंटावर टाकली होती. त्या एजंटाने आयुष्यात असं काही वाचलं नसावं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात उभा. संदीपने मला सांगितलं, "एजंट म्हणाला, मेट, तुझा वकील ओल्ड स्कूल आहे." ही प्रशंसा समजून काकांनी ती मंडळाच्या प्रत्येक माणसाला ऐकवली.

'माझे अशील' म्हणणाऱ्या त्या नोटिशीखाली सही मात्र अशिलाचीच, संदीपची होती. काकांची सही कुठेच नसायची. "पुढे अशील, मागे वकील," ते म्हणत. "मी मागं उभा आहे ना? मग तू कर सही." आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. एवढं काम करून नाव नको म्हणणारा माणूस आजच्या जगात कुठे मिळतो, असं मी स्वतः नाशिकला फोन करून आईला सांगितलेलं आठवतंय.

एकदा जेवताना मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुमचं लायसन्स इथे चालतं का हो?" भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "सनद महाराष्ट्राची आहे पोरी. अक्कल कुठल्या राज्याची असते का? मी बेळगावात जाऊन लढलोय. ते कर्नाटक. तिथला एक वकील शेजारी उभा केला, वकीलपत्रावर त्याचं नाव घातलं, आणि बोललो मी. राज्य बदललं की चहाची चव बदलते, कायदा तोच." रूपाली म्हणाली, "बाबा, हे क्वीन्सलँड आहे." काका म्हणाले, "असू दे की. बेळगावच्या जरा पुढं." आम्ही तिघंही हसलो होतो.

ऑगस्टमध्ये माझा स्टुडंट व्हिसा वाढवायचा अर्ज नाकारला गेला. तो अर्ज मीच भरला होता, त्यात काकांचा काही संबंध नव्हता. आधी आयटी, मग नर्सिंग, तेव्हा ही मुलगी खरंच शिकायला आली आहे असं वाटत नाही, असा त्या ईमेलचा मथितार्थ होता. नर्सिंगची दोन वर्षं झाली होती, शेवटचं एक वर्ष उरलं होतं. त्या वर्षातलं सगळं शिक्षण हॉस्पिटलच्या वॉर्डात उभं राहून करायचं होतं, नाशिकला बसून ऑनलाइन होणारं नव्हतं. आणि सीमा बंद होती. देश सोडला की परत कधी येता येईल हे कुणालाही माहीत नव्हतं. ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं की या निर्णयाविरुद्ध एकवीस दिवसांच्या आत ट्रायब्युनलकडे अपील करता येईल.

मी गॅरेजमध्ये गेले ती रडतच. काकांनी ईमेलची प्रिंट घेतली, पाठ बघितली, मग पोट वाचलं. मग कोटाचं वरचं बटण लावलं. "यात रडण्यासारखं काहीही नाही," ते म्हणाले. "हा हुकूम टिकणार नाही. तुझी केस मी लढतो." अडतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस असं म्हणाला की किती हलकं वाटतं, ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. त्या दिवशी मी आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

काका मग अपील लिहायला बसले. हाताने, फुलस्केपवर, सुंदर इंग्रजी अक्षरात. त्यात माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते इथपासून पूर्वपीठिका होती. नाशिकच्या माझ्या जुन्या कॉलेजचा दाखला त्यांना हवा होता आणि कॉलेज लॉकडाउनमध्ये बंद होतं. "दाखला आल्याशिवाय अपील दाखल करायचं नाही. अपुरा अर्ज म्हणजे अर्धा कच्चा भात. ताटात वाढला की गेला." मी दर दोन दिवसांनी विचारायचे, "काका, एकवीस दिवस आहेत हं." त्यावर ते जे सांगत, ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "मुदत म्हणजे देवाची आज्ञा आहे का? मुदत गेली तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. कारण द्यायचं, कोर्ट माफ करतं. मी चार-चार वर्षांचे विलंब माफ करून घेतलेत. आणि आता तर महामारी आहे. तिकडं वरच्या कोर्टानं सगळ्या मुदती थांबवल्यात."

"ते भारतात, काका."

"अगं, दोघांनाही कायदा इंग्रजांनीच दिला ना? मग?"

मी अडाणी नव्हते. ईमेल मला वाचता येत होतं. पण त्या दिवसांत वृद्धाश्रमात माणसं कमी पडत होती, मी डबल शिफ्ट करत होते. पीपीई काढून, अंघोळ करून, अंगणात एकटीच बसून चहा प्यायचे आणि विचार करायचे की निदान एक काळजी तरी कुणीतरी उचलली आहे. कुणावर तरी भार टाकण्याचं सुख मी तेव्हा घेतलं, हा माझा दोष. काका रोज अंगणात येऊन विचारत, "जेवलीस का?" मी त्यांचं ब्लडप्रेशर तपासायचे. ते मला "आमची नर्सबाई" म्हणायचे. वडील गेल्यानंतर इतक्या हक्काने माझ्यावर कुणी रागावलेलंही नव्हतं.

दाखला चोविसाव्या दिवशी आला. अपील आणि विलंब माफीचा अर्ज आम्ही एकदमच भरला. ऑनलाइन फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "नाही लिही." मी म्हटलं, "पण तुम्ही तर..." त्यांनी समजावलं, "घरातल्या माणसाची मदत ही मदत नसते, पोरी. आईनं डबा दिला तर आपण हॉटेलात जेवलो असं म्हणतो का?" मला ते इतकं गोड वाटलं की मी पटकन "नाही" वर क्लिक केलं.

ट्रायब्युनलचं उत्तर आलं. मुदत संपल्यावर आलेलं अपील आम्ही ऐकूच शकत नाही, एका दिवसाचाही विलंब माफ करायचा अधिकार आम्हाला कायद्याने नाही. चार ओळी होत्या. काकांनी प्रिंट उलटी केली. बराच वेळ ते त्या कोऱ्या पाठीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "असं कुठं असतंय व्हय?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

मी शहरातल्या एका मोफत सल्ला केंद्रात फोन केला. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फॉर्म छोटासाच असतो, मुदतीत तेवढा भरायचा, बाकीचे कागद मागाहून कितीही देता येतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. व्हिशाचं आता काही होणार नव्हतं, मला परत जावं लागणार होतं. पण त्या म्हणाल्या, एक गोष्ट वाचवता येईल. चुकीच्या सल्ल्यामुळे ही वेळ आली असं सल्ला देणाऱ्याने सही करून लिहून दिलं, तर युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, तुमची शेवटच्या वर्षाची जागा राखून ठेवायचा विचार करेल, आणि पुढच्या व्हिशाच्या अर्जालाही ते पत्र जोडता येईल. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या गृहस्थांविरुद्ध तक्रार करायची आहे का? परवाना नसताना असा सल्ला देणं इथे गुन्हा आहे." मी म्हटलं, नाही. ते चांगले आहेत. त्यांची चूक झाली.

रविवारी दुपारी मी पत्र टाइप करून काकांपुढे ठेवलं. पाच ओळी, काकांच्या नावाने. मृणालला अपिलाबाबत मी सल्ला दिला, मुदतीबाबत माझा समज चुकीचा होता, त्यात तिचा दोष नाही. रूपाली ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. काकांनी कागद वाचला. या वेळी पाठ बघितली नाही.

"हे नाही जमायचं," ते म्हणाले.

"का?"

"मी इथं व्हिजिटर आहे. उद्या कुणी विचारलं, तुम्ही गॅरेजमध्ये काय धंदा मांडला होता, तर? रूपालीच्या सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. त्याला धक्का लागला तर?"

"काका, मी तक्रार करत नाहीये. हे पत्र फक्त युनीला द्यायचंय. माझं एक वर्ष राहिलंय हो."

"कागद एकदा हातातून सुटला की कुठं जाईल सांगता येत नाही. सही सोडून काहीही माग."

"मला सहीच हवी आहे."

तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज बदलला. घरातला काका गेला आणि कोर्टातला माणूस आला. "हे बघ मृणाल, सल्ला म्हणजे वकिली नव्हे. तू विचारलंस, मी बोललो. वकीलपत्र कुठाय? अर्ज तुझा, सही तुझी. कुणाची मदत घेतली नाही, असं तूच लिहून दिलंयस."

मी रूपालीकडे बघितलं. तिने मागे वळून बघितलं नाही. पोळी लाटून झाली होती तरी लाटणं फिरतच होतं. हात वर करणं, कानावर हात ठेवणं, हे सगळं मी तोवर ऐकून होते. पण ज्या माणसाच्या दंडाला रोज सकाळी ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, त्याने केसाने गळा कापला की ओरडायलाही सुचत नाही. मी कागद उचलला आणि खोलीत गेले.

तीन आठवड्यांनी विमान मिळालं. निघताना काका ड्राइव्हवेमध्ये आले. हातात स्वतः वळलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. "कोर्टात हार-जीत चालायचीच," ते म्हणाले. "तू जिद्दीची आहेस." मी सवयीने वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

युनीने जागा राखली नाही. नाशिकला दोन वर्षं गेली. मग सीमा उघडल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, आधीचे काही विषय जुने झाले म्हणून पुन्हा केले. आता मी डार्विनच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. या सगळ्या काळात मंडळातल्या कुणी देवकरकाकांना भोंदू म्हटलं की मी त्याला गप्प करायचे. सहीचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही. घाबरला म्हातारा माणूस, परक्या देशात कुणीही घाबरेल. अडतीस वर्षं ज्या कायद्यात काढली, तोच इथेही असेल असं वाटलं त्यांना. कराडच्या कुठल्याही वकिलाला वाटलं असतं. चुकले बिचारे. हे मी इतक्यांदा म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं, आणि खरं वाटल्यावर झोपही लागायला लागली.

गेल्या महिन्यात काका कराडला वारले. तेराव्यानंतर रूपालीचा फोन आला. मंडळ त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढतंय. संदीप एसीबद्दल लिहिणार आहे. "बाबांवर तू लिही," ती म्हणाली. "तुझ्याइतकं जवळून त्यांना कुणी बघितलं नाही."

मी म्हटलं, "लिहीन. पण सहीचंही लिहीन."

ती म्हणाली, "मग आणखी एक लिही. तुला ते माहीत नाही."

तुझी मुदत संपायच्या आधी बाबांनी मला विचारलं होतं, ती सांगू लागली. इथे विलंब माफ होतो का, बघ जरा. मी ट्रायब्युनलची साइट उघडून वाचून दाखवलं. होत नाही, एक दिवसही नाही. बाबा म्हणाले, तिला आत्ता सांगितलं तर ती शहरातल्या वकिलाकडे धावेल, आणि तो पहिलं हेच विचारेल की इतके दिवस कोण बघत होतं. दाखला येईलच दोन दिवसांत, मग भरू. तिला काही बोलू नकोस.

"आणि तू बोलली नाहीस."

"ते माझे वडील होते गं. आणि मला वाटलं, येईल दाखला." ती रडत होती. "उत्तर आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला ना, ते त्यांनी तुला दाखवायला केलं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की काहीतरी होईल."

मी विचारलं, "तेव्हा किती दिवस उरले होते?"

"चार."

फोन ठेवून मी ट्रायब्युनलची साइट उघडली आणि तो फॉर्म शोधून काढला. नाव, पत्ता, पासपोर्ट, निर्णयाची तारीख. दाखला कुठे मागतच नाहीत. भरायला मला अकरा मिनिटं लागली. शेवटच्या बटणापर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. त्या चार दिवसांतल्या प्रत्येक दिवशी काका अंगणात आले होते. प्रत्येक दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, जेवलीस का, आणि मी हो म्हटलं होतं.